आधी थर्मामीटर घ्या, हीटरचं मग बघू

पत्र असं आलंय:

"ताई नमस्कार. आम्ही पिंपळगाव बसवंतजवळ राहतो, द्राक्षबाग आहे. दिवाळीत मुलीने (आठवीत आहे) हट्ट धरून फिश टँक घ्यायला लावला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. त्यात दोन एंजल, सहा गप्पी, दोन गोल्डफिश. डिसेंबरच्या थंडीत एक एंजल गेला, दुसरा कोपऱ्यात तळाशी बसून असतो, अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आलेत. दुकानदार म्हणतो ३०० वॅटचा हीटर न्या, मोठा असला की पटकन तापतं. शेजारचे म्हणतात कशाला पैसे घालवता, आपला पाणी तापवायचा रॉड पाच मिनिटं सोडा. आई रोज संध्याकाळी अर्धी बादली पाणी काढून बंबातलं गरम पाणी ओतते. थर्मामीटर म्हणून दुकानदाराने काचेवर चिकटवायची पट्टी दिली आहे, तिच्यावर एकाच वेळी दोन-दोन आकडे चमकतात. नेमकं काय घ्यायचं? मुलगी रोज रडते."

भाऊ, पहिली गोष्ट, तो रॉड बाथरूममध्येच राहू द्या. शेजाऱ्यांच्या मनात वाईट काही नसेल, पण हिशोब करून बघा. दोन गुणिले एक गुणिले सव्वा म्हणजे अडीच घनफूट, एका घनफुटात साधारण २८ लिटर, झाले ७०, त्यातून खाली खडी आणि वर मोकळी सोडलेली चार बोटं वजा केली की उरतं ६० लिटरच्या आसपास. एवढं पाणी एक डिग्रीने वाढवायला १५०० वॅटच्या रॉडला तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पाच मिनिटं म्हणून सोडला, तेवढ्यात बागेतून कुणीतरी हाक मारली, परत यायला वीस मिनिटं लागली की पाणी सात डिग्री वर गेलेलं. तेही सगळीकडे सारखं नाही, रॉडच्या भोवती चटका बसेल असं आणि तळाला तसंच गार. रॉड जुना असला की पाण्यात करंट उतरतो हे तर तुम्हाला मी सांगायला नकोच, आणि टँकमध्ये हात घालणारी मुलगी आठवीतली आहे.

आता आईंचं. त्यांना रागावू नका, त्या मायेनेच करतायत, पण अर्धी बादली म्हणजे सात लिटर धरलं आणि बंबातलं पाणी साठ डिग्रीचं धरलं, टँकमधलं एकोणीस, तर एका झटक्यात पाणी जवळजवळ चोवीसवर जातं, माशाला वाटतं उन्हाळा आला, आणि पहाटेपर्यंत परत खाली. रोज पाच डिग्री वर, पाच डिग्री खाली. शिवाय बंब तांब्याचा असेल तर त्यात तापलेल्या पाण्यात थोडं का होईना तांबं उतरतं आणि तांबं माशांना चालत नाही. ते पाणी आपल्या अंघोळीला, टँकला नको.

हे वर-खाली होणं मासे बोलून दाखवत नाहीत, पण तुम्ही द्राक्षवाले आहात म्हणून तुम्हाला एका वाक्यात कळेल. दिवसा चांगलं ऊन आणि पहाटे निफाडचा पारा पाच-सहावर, अशी तफावत पडली की बागेत काय होतं? फुगवण थांबते, पाणी उतरलेले मणी तडकतात, पिंक बेरी येते, म्हणजे मणी गुलाबी पडतात. नुसत्या थंडीपेक्षा ही तफावत माल घालवते. म्हणून तर पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवता, पाणी सोडता. माशाचंही तेच. माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, भोवतीचं पाणी जेवढं तेवढंच त्याचं अंग, त्यामुळे पाणी रोज पाच-सहा डिग्री झुललं की त्याची सगळी ताकद त्यातच जाते आणि मग हे पांढरे ठिपकेवाले येऊन बसतात.

म्हणून माझं म्हणणं, आधी थर्मामीटर घ्या, हीटरचं मग बघू. लोक उलटं करतात. हीटरवर हजार रुपये घालतात आणि थर्मामीटर दुकानदार फुकट देईल तो. अहो, तुमच्या टँकचं पाणी पहाटे किती असतं हेच जर माहीत नाही तर हीटर किती वॅटचा घ्यायचा हे ठरवणार कशावरून? बागेत तुम्ही कमाल-किमान बघितल्याशिवाय काही करता का?

ती चिकटवायची पट्टी वाईट नाही, पण ती मोजते काचेचं बाहेरचं तापमान. आतून पाणी, बाहेरून खोलीतली हवा, दोघांच्या मधलं काहीतरी ती दाखवते. मे महिन्यात फरक कळत नाही, पण डिसेंबरात खोली गार पडली की पट्टी पाण्यापेक्षा एक-दोन डिग्री कमी सांगते, आणि आपण घाबरून हीटर वाढवून ठेवतो. दोन आकडे एकदम चमकतात ते बिघाड म्हणून नाही, पाणी त्या दोनच्या मधे आहे एवढाच अर्थ. राहू द्या काचेवर, शोभेला आहे.

घ्यायचा तो साधा काचेचा, आत लाल रेघ असलेला, सक्शन कपवाला. शे-दीडशेच्या आत मिळतो. आत रंगीत स्पिरिट असतं, पारा नसतो, आणि पारा असलेला कुणी दिला तर घेऊ नका कारण फुटला तर टँक बाद. डिजिटलही चालेल, तो वायरचा आणि टोकाला प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायचं बोंडूक असलेला, आकडे मोठे दिसतात, मुलीला आवडेल. पण डिजिटल म्हणजे बिनचूक असं समजू नका, दशांश चिन्हापुढचा आकडा दाखवतो म्हणून आपल्याला तो शास्त्रज्ञ वाटतो, प्रत्यक्षात स्वस्तातले एक डिग्री इकडेतिकडे असतात, आणि त्यातला बटण सेल उतरायला लागला की काहीही सांगतात. माझ्याकडे दोन्ही आहेत. रोज डिजिटल बघते आणि शंका आली की काचेच्याला विचारते.

आणि दोघांपैकी खरं कोण बोलतंय हे घरीच तपासता येतं, मुलीला करू द्या, तिचं रडणं थांबेल. बर्फ फडक्यात गुंडाळून लाटण्याने चुरा करा, काचेच्या ग्लासात गच्च भरा, मधल्या फटी भरतील एवढंच गार पाणी ओता, नीट ढवळा आणि थर्मामीटर त्यात बुडवून चार-पाच मिनिटं थांबा. रेघ शून्यावर यायला पाहिजे. दोनवर थांबली तर तुमचा थर्मामीटर दोन जास्त सांगतो, चिकटपट्टीवर "दोन वजा" लिहून वर लावून टाका, फेकायची गरज नाही. (बर्फच का, उकळतं पाणी का नाही, असं कुणी विचारेल म्हणून, ह्या थर्मामीटरची पट्टी पन्नासपर्यंतच असते, उकळत्या पाण्यात घातला की फुटतो, आणि आपल्याकडे समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंचीवर पाणी तसंही शंभरला नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं.) तापाचा थर्मामीटरही नको, एका बाईंनी मला फोटो पाठवला होता, त्यांनी रात्रभर तोच बुडवून ठेवलेला. तो साधारण पस्तीसच्या खाली वाचतच नाही, आणि पस्तीसला तुमचे मासे पोहत नसतील.

आता तीन दिवस फक्त मोजा. पहाटे पाच-साडेपाचला, दुपारी तीनला आणि रात्री झोपताना. वहीत तीन रकाने. आईंना तीन दिवस बंबाला हात लावू नका म्हणावं. माझा अंदाज असा की पहाटे अठरा-एकोणीस आणि दुपारी तेवीस-चोवीस येईल, कारण टँक हॉलमध्ये असणार, हॉलचा दरवाजा गावाकडे दिवसभर उघडाच असतो, आणि रात्री फरशी बर्फासारखी होते. पण अंदाज तो अंदाज, वही काय म्हणते ते खरं.

एंजल आणि गप्पींना पाणी लागतं २४ ते २७, मी म्हणेन २५-२६ धरा. हे मासे आपल्याकडे बहुतेक चेन्नईच्या कोळत्तूर भागातून नाहीतर कोलकात्याकडून येतात, तिथली फार्मं गरम हवेतली, त्यांच्या सात पिढ्यांनी निफाडची पहाट बघितलेली नाही. गोल्डफिशची गोष्ट वेगळी, तो मुळातच थंड पाण्याचा, १८ ते २२ मध्ये मजेत असतो, त्याला हीटर लागतच नाही. म्हणजे तुमच्या टँकमध्ये स्वेटरवाले आणि बनियनवाले एकाच खोलीत कोंबलेत आणि दुकानदाराने एकदाही सांगितलं नाही. गोल्डफिश वेगळ्या टँकमध्ये हलवा, ते खातातही खूप आणि घाणही खूप करतात. आणि एंजल मोठा झाला की छोट्या गप्पी खातो, हेही आत्ताच सांगून ठेवते म्हणजे नंतर मुलगी माझ्यावर चिडायची नाही.

तर वॅट. पहाटे पाणी १६ पर्यंत उतरतं आणि आपल्याला २५ पाहिजे असं धरलं तर नऊ-दहा डिग्री उचलून धरायची आहेत. पाच डिग्री उचलायला लिटरमागे एक वॅट पुरतो, दहा उचलायला लिटरमागे दीड ते दोन धरतात, पण वर झाकण असलं आणि मागून थर्मोकोल लावला तर ६० लिटरला १०० वॅट पुरे होतात. ३०० ची काही गरज नाही. दुकानदार म्हणतो पटकन तापतं, बरोबर आहे, १०० वॅटला ६० लिटर एक डिग्री चढवायला चाळीसेक मिनिटं लागतात आणि ३०० ला चौदा. पण पटकन तापावं अशी आपली इच्छाच नाही ना! आपल्याला हळू तापायला हवंय.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, म्हणजे मी ३०० वॅटला एवढी का घाबरते ते कळेल. माझाही टँक दोन फुटीच होता, जानेवारी होता, आणि मी ज्या दुकानात गेले तिथे नेमका ३०० वॅटचाच शिल्लक होता, दुकानदार म्हणाला ताई थर्मोस्टॅट आहे ना आत, पंचवीसला लावला की आपोआप बंद होतो, मोठा काय न छोटा काय. मलाही पटलं. दोन आठवडे छान चालला. एका रात्री साडेअकराला लाईट बंद करताना बघितलं, सव्वीस. पहाटे साडेपाचला चहाला उठले तर टँकच्या झाकणाला आतून वाफ धरलेली, थेंब टपकतायत, आणि हीटरचा लाल दिवा चालूच. हात लावला तर पाणी अंघोळीसारखं. थर्मामीटरची लाल रेघ ३८ वर. सात निऑन टेट्रा आणि दोन एंजल, सगळे वर तरंगत होते, एका एंजलचे कल्ले अजून हलत होते आणि मी मूर्खासारखी फ्रीजमधल्या बाटलीतलं गार पाणी ओतायला लागले, तोही गेला.

झालं काय होतं तर ह्या साध्या हीटरच्या आत दोन वेगळ्या धातूंची एक पट्टी असते, गरम झाली की वाकते, वाकली की करंट तुटतो, गार झाली की सरळ होऊन परत जोडते. दिवसभर हे चालू-बंद, चालू-बंद, आणि प्रत्येक वेळी बारीकशी ठिणगी. कधीतरी ते दोन टोकं एकमेकांना चिकटून बसतात आणि मग हीटर बंदच होत नाही. कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही हीटरचं हे होऊ शकतं, आज ना उद्या. प्रश्न एवढाच की चिकटला तर पुढे काय. माझ्याकडे थर्मामीटर होता, बरोबर होता, पण रात्री झोपेत त्याच्याकडे कोण बघणार? त्या रात्री तो थर्मामीटर नुसता साक्षीदार. ५० वॅटचा हीटर चिकटला असता तर तासा-दीड तासाला एक डिग्री चढली असती, थंडीच्या रात्री तर तेवढीही नाही कारण काचेतून ऊब जातच असते, आणि सकाळी मला २७-२८ दिसलं असतं.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला, १०० चा एक घेण्यापेक्षा ५० चे दोन घ्या. एक डाव्या बाजूला, एक उजव्या. एक मेला तर दुसरा रात्र काढतो, एक चिकटला तर तो एकटा पाणी शिजवू शकत नाही. खर्च थोडा जास्त, सॉकेट दोन अडतात, दिसायलाही टँकमध्ये दोन नळ्या दिसतात, ते खरं आहे. नाहीच जमलं तर १०० चा एक चांगला घ्या, पण मग तापमानाचा वेगळा कंट्रोलर मिळतो, त्याचा प्रोब पाण्यात आणि हीटरचा प्लग त्या कंट्रोलरमध्ये, तो २८ ला लावून ठेवायचा, हीटरचा थर्मोस्टॅट चिकटला की हा वरून लाईट तोडतो. मोठे टँकवाले, डिस्कस नावाचे नाजूक मासे पाळणारे असंच करतात. तुमच्या टँकला ५० चे दोन हा सोपा मार्ग.

दुकानात काय बघायचं? पूर्ण बुडणारा पाहिजे, वर तोंड बाहेर ठेवायचा जुना प्रकार नको. नळीवर पाण्याची खूण कोरलेली असते, कमीत कमी पाणी कुठपर्यंत असावं ती, ती स्पष्ट हवी. वर फिरवायची चकती आणि तिच्यावर आकडे असावेत, काही स्वस्त हीटर एकाच तापमानाला बसवलेले असतात, चकतीच नसते, ते नको, कारण आजारी माशाला पाणी वाढवायचं असेल तेव्हा काय करणार. नळी हातात धरून उजेडात बघा, आत कुठे वाफेचा डाग किंवा थेंब दिसला तर दुसरा काढायला सांगा, सीलमधून पाणी गेलंय. वायर लांब हवी. काचेचा घ्यायचा की स्टीलचा की प्लॅस्टिकच्या आवरणाचा? काचेचा स्वस्त आणि चालतो छान, फक्त जपायचा. तुमच्याकडे लहान मुलगी साफसफाई करणार आणि टँकमध्ये दगड-बिगड असणार, तर आवरणवाला किंवा जाळी असलेला बरा. टायटॅनियमचे येतात ते फुटत नाहीत, पण त्यातल्या बऱ्याच जणांना कंट्रोलर वेगळा लागतो, दोन फुटीला एवढं नको. कोणत्या कंपनीचा ते मी सांगत नाही, कारण एकाच नावाचे खरे आणि नकली दोन्ही एकाच बाजारात फिरतात, बिल घ्या आणि वॉरंटीवर शिक्का मारून घ्या.

लावताना हीटर उभा कोपऱ्यात लपवू नका. फिल्टरचं पाणी जिथून ढकललं जातं त्या वाटेत, थोडा तिरका किंवा आडवा, खडीला न टेकता. पाणी त्याच्यावरून वाहिलं पाहिजे, नाहीतर तो आपल्यापुरतं पाणी गरम करतो, समाधान मानून बंद होतो, आणि टँकच्या दुसऱ्या टोकाला हुडहुडी. थर्मामीटर हीटरपासून सगळ्यात लांब, मधल्या उंचीवर. तुमच्याकडे हीटर दोन्ही टोकांना असतील तर थर्मामीटर मधोमध समोरच्या काचेला. सक्शन कप दोन वर्षांत कडक होतात आणि थर्मामीटर एके दिवशी खडीत पडलेला सापडतो, घाबरू नका, कप नवा मिळतो.

पाण्यात सोडल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या, नळीतलं आणि पाण्याचं तापमान जुळू द्या, मगच प्लग. पहिल्या दिवशी चकती २१ ला, दुसऱ्या दिवशी २३, तिसऱ्या दिवशी २५. आणि चकतीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तिथे २५ लिहिलेलं असेल आणि पाणी २७ असेल किंवा २३ असेल, ते नेहमीचंच आहे. थर्मामीटर बघत बघत चकती एक-एक काटा फिरवायची, २५ आलं की तिथे मार्करने ठिपका मारून ठेवायचा. चकती म्हणेल ती इच्छा, थर्मामीटर म्हणेल ते पाणी.

विजेचं. तुमच्याकडे लाईट जाणार, ते धरूनच चला. झाकण आणि थर्मोकोल नसेल तर असा टँक थंडीच्या रात्री तासाला साधारण एक डिग्रीच्या आत-बाहेर उतरतो, म्हणजे तीन तास लाईट गेली तर दोन-अडीच डिग्री, मासे मरत नाहीत त्याने. मागच्या आणि दोन बाजूंच्या काचेला टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातला थर्मोकोल कापून लावा, खालीही एक तुकडा पाहिजेच, आणि लाईट गेली की समोरून गोधडी पांघरून टाका, वर थोडी फट हवेला ठेवून. इन्व्हर्टर असेल तर त्यावर हीटर नको, बॅटरी बसेल, त्यावर एअर पंप चालवा, तो पाच वॅटही खात नाही आणि माशांना त्याची जास्त गरज. बिलाचं म्हणाल तर दोन्ही हीटर रात्रभर चालू-बंद होत, दिवसाला साधारण एक युनिट धरा. थंडी संपली, मार्चमध्ये वहीत पहाटेचा आकडा २४ च्या खाली जायचा थांबला, की हीटर काढून पुसून डब्यात. थर्मामीटर मात्र बारा महिने पाण्यात, एप्रिलमध्ये तुमच्याकडे उलटी पंचाईत होणार आहे.

सुरक्षेचं पटकन सांगते, पण हे मुलीला मोठ्याने वाचून दाखवा. टँकमध्ये हात घालायच्या आधी सगळे प्लग काढायचे, बटण बंद करून भागत नाही. पाणी बदलायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी हीटर बंद, कारण पाणी खाली गेलं, गरम नळी उघडी पडली आणि तिच्यावर गार पाणी पडलं की तडकते, चुलीवरच्या गरम काचेवर पाणी टाकल्यासारखी. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोका देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोक्याच्या तळाला पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. एक्स्टेंशन बोर्ड टँकच्या खाली जमिनीवर ठेवायचा नाही, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. बरेच हीटर चपट्या दोन पिनचे येतात, त्यांना अर्थिंगच नसतं, त्यामुळे घराच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच लाईट तोडणारा स्विच, आहे का ते वायरमनला विचारा, नसेल तर हीटरच्या आधी तो बसवा. द्राक्षाच्या एका फवारणीच्या खर्चात बसतो.

आता त्या एंजलचं, कारण वही, थर्मामीटर, हीटर सगळं होईपर्यंत तो थांबणार नाही. रव्यासारखे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट, लोक इक म्हणतात. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तेव्हा त्याच्यावर औषध लागू पडत नाही, तो खाली पडून फुटतो, पिल्लं पाण्यात नवा मासा शोधत फिरतात, तेव्हाच फक्त ती मरतात. गार पाण्यात हे चक्र आठवडे-आठवडे रेंगाळतं, पंचविसाच्या वर काही दिवसांतच पुरं होतं, म्हणून पाणी गरम करतात, जंतू उकडून मारायला नव्हे तर त्याला लवकर बाहेर काढायला. तेव्हा तीन दिवस मोजायची वाट तुम्ही बघू नका, थर्मामीटर आणि हीटर एकदमच आणा (माझंच वर मोडतेय, पण घरात आजारी असताना नियम कसले), गोल्डफिश आजच वेगळ्या टबात काढा आणि त्यांच्यावरही ठिपके येतात का लक्ष ठेवा, टँकची चकती दिवसाला दोन-तीन डिग्री ह्या वेगाने २८-२९ पर्यंत न्या. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप चोवीस तास. मीठ घालायचं तर खडेमीठ, लिटरला एक ग्रॅम, म्हणजे तुमच्या टँकला ६० ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं. ठिपके गेले की लगेच थांबू नका, पुढचा आठवडाभर तसंच ठेवा, मग रोज एक डिग्री उतरवत २५-२६ वर आणा. एंजल खात असेल तर वाचेल. तळाशी बसून तोंडासमोरचं खाणंही घेत नसेल तर मुलीला आधी थोडी कल्पना देऊन ठेवा.

आणि आईंना काम पाहिजेच असेल तर आहे. दर आठवड्याला बारा-पंधरा लिटर पाणी बदलायचं असतं, ते नवं पाणी टँकएवढंच उबदार हवं. स्टीलच्या पातेल्यात पाणी तापवून बादलीत थोडं थोडं मिसळायचं, थर्मामीटर बादलीत बुडवून आकडा जुळला की मगच ओतायचं. हाताने अंदाज घेऊ नका म्हणावं, चुलीपाशी काम करणाऱ्या हाताला चाळीस डिग्रीही कोमट वाटतं.

वहीतल्या पहाटेच्या आकड्यांचा फोटो पाठवा. सोळाच्या खाली गेलेले दिसले तर ५० च्या जागी ७५ चे दोन सुचवीन, पण ते आकडे बघूनच.